मास्तर ब्रेडला मस्का लावतात

खरं सांगा, ब्रेडची स्लाइस न फाडता तिला मस्का लावणं तुम्हाला शेवटचं कधी जमलं होतं?

हसू नका. मी हा प्रश्न पुष्कळांना विचारला आहे आणि सगळे आधी हसतात, मग कबूल करतात. फ्रिजमधून काढलेला मस्का म्हणजे दगड आणि बेकरीतून आणलेला ब्रेड म्हणजे कापूस. जोर लावला की मधोमध भोक पडतं आणि त्यातून ताट दिसतं. ते बुजवायला आणखी मस्का थापायचा. मग मध्ये ढीग, कडा कोरड्या. शेवटी स्लाइसची घडी घालून, कुणी बघायच्या आत खाऊन टाकायची. जॅमचं तर विचारूच नका. तो चमच्याला जेवढा चिकटतो तेवढा ब्रेडला कधीच चिकटत नाही. आणि हिरवी चटणी? डबा उघडेपर्यंत ब्रेडचा लगदा झालेला असतो. रोज सकाळी घराघरांतून हा पराभव होतो आणि त्याविरुद्ध आजवर एक मोर्चा निघालेला नाही!

मोर्चा म्हटलं, कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझे बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. इतर मुलं ‘अ अननसाचा’ शिकली, मी ‘कामगार बंधूंनो’ ह्या दोन शब्दांवर अक्षरं ओळखायला शिकले. भिवंडीत टेमघरला आमच्या चाळीत दर रविवारी सकाळी बाराएक जण जमायचे. छापून आलेल्या पत्रकांचे गठ्ठे जमिनीवर पडलेले असायचे आणि सगळे गोल बसून घड्या घालायचे. बाहेर लूमचा खडखडाट, आत कागदांची सळसळ आणि मध्येच कुणाचं तरी भाषण. ह्या गोलाच्या बाहेर, खिडकीखाली, पाटावर मास्तर बसायचे. ते घड्या घालायचे नाहीत. ते ब्रेडला मस्का लावायचे.

मास्तर शाळेत शिकवत नव्हते. ते सायझिंगचे मास्तर. लूमवर चढायच्या आधी सुताच्या उभ्या धाग्यांना गरम खळ पाजतात, म्हणजे विणताना ते तुटत नाहीत. हजारो धागे एका वेळी खळीतून निघतात, रुळांतून पिळले जातात, तापलेल्या पिंपांवर वाळतात आणि मोठ्या बीमवर गुंडाळले जातात. खळ सगळीकडे सारखी बसली की नाही, हे मास्तर डोळे मिटून, धाग्यांवरून बोटं फिरवून सांगायचे. गणेशपुरीच्या बाजूच्या एका गावातून ते तरुणपणी आले. भातशेती भावांकडे राहिली आणि हे भिवंडीत खळ पाजत राहिले. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावाचंच होतं.

मस्का लावायचं काम त्यांच्याकडे कसं आलं, ते सांगते. पूर्वी ज्याला भूक लागेल तो आपापला ब्रेड घ्यायचा. एका रविवारी दोनशे पत्रकांवर मस्क्याचे डाग पडले. कागद तेलकट झाला की आरपार दिसतो, त्यामुळे पुढच्या पानावरची मागणी मागच्या पानावरच्या घोषणेत मिसळून गेली. मास्तर आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. ते सहज दारात डोकावले होते. त्यांनी एक पत्रक उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, “ह्यो कागद वाचायला हाय का हात पुसायला?”

बाबा ओशाळले. मास्तर आत आले, पाट ओढून बसले आणि नियम सांगितला, “ज्याचा हात घडीला, त्यानं मस्क्याला शिवायचं न्हाय. आनि मस्क्याचा हात घडीला न्हाय. आन तो चाकू हिकडं.”

त्या दिवसापासून बारा जणांच्या चोवीस स्लाइस त्यांच्याकडे. चळवळीशी त्यांचा संबंध एवढाच. पत्रक ते वाचायचे, पण बोलायचे नाहीत.

चाकू त्यांना आमचा आवडला नाही. पुढच्या रविवारी ते स्वतःचं हत्यार घेऊन आले. हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, जुनं पातं, दात घासून सपाट केलेले, एका टोकाला सुताची घट्ट गुंडाळी म्हणजे मूठ. पातळ, लवचीक, बोटासारखं वळणारं. ब्रेड ते आदल्या दिवशीचा आणायला लावायचे, ताजा फाटतो म्हणून. मस्का रविवारी पहाटेच बाहेर काढून ठेवायला आईला बजावलेलं असायचं. लावायची सुरुवात ते कधीच मधून करायचे नाहीत. आधी चार कोपऱ्यांना चार ठिपके, मग कडा, आणि जे उरेल ते मध्ये. “मधलं आपोआप भिजतं. कोपऱ्याला कोन विचारतंय?” असं म्हणायचे.

मस्क्यात ब्रेडचा भुगा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा बाबांच्या एका मित्रानं, चांगला चार सभा गाजवणारा माणूस, जॅमचा चमचा तसाच मस्क्यात घातला. मास्तरांनी पातं खाली ठेवलं.

“काय केलंस ह्ये?”

“अरे मास्तर, पोटात जाऊन एकच होणार ना सगळं?”

“मंग तोंडात कशाला घालतोस? वरनंच वत पोटात.”

त्या माणसाला त्या दिवशी कोरडा ब्रेड मिळाला. त्यानं बाबांकडे तक्रार केली. बाबा म्हणाले, “त्या खात्यात माझं चालत नाही.”

मस्क्याच्या वेष्टनाला आतून जो थर चिकटून राहतो, त्यावरही मास्तरांचा उपाय होता. ब्रेडच्या टोकाची जी जाड सालीची स्लाइस कुणालाच नको असते, ती ते स्वतःसाठी ठेवायचे. कागद तळहातावर पसरून ती साल त्यावर सावकाश फिरवायचे. कागद असा स्वच्छ निघायचा की त्यावर लिहिता आलं असतं. मग ती साल चहात न बुडवता, नीट चावून खायचे.

थंडीत मात्र तेही हरायचे. जानेवारीत मस्का पहाटे काढून ठेवला तरी मऊ होईना. मास्तरांनी त्यांच्या धंद्यातलाच उपाय केला. शनिवारी मस्का पत्र्याच्या डब्यात भरून सायझिंगवर नेला आणि वाफेच्या पाइपाजवळ ठेवला. हळूहळू मऊ होईल, सुटताना घरी न्यायचा, असा बेत. आता, खळ मऊ राहावी म्हणून तिच्यात चरबी घालतात आणि ती चरबीही तशाच डब्यांत असते. जौनपूरकडचा एक कामगार नवीन लागला होता. त्यानं डबा पाहिला, झाकण उघडलं आणि अर्धा किलो मस्का उकळत्या खळीत ओतला.

मास्तर जेवून आले तर डबा रिकामा.

“ह्यात होतं ते कुठं गेलं?”

“डाल दिया मास्टर. आज चरबी बहुत बढ़िया आई थी, एकदम पीली.”

सगळं सायझिंग हसून लोळलं. तो बिचारा घाबरून गेला, आता नोकरी जाणार म्हणून. मास्तरांनी त्याला जवळ बसवून चहा पाजला आणि मालकाला कळू दिलं नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. ते बीम ज्या लूमवर चढलं, तिथे शेवटपर्यंत एक धागा तुटला नाही, असं मास्तर शपथेवर सांगायचे. आणि त्या शेडच्या दारात आठवडाभर सात मांजरं बसून होती. रविवारी आम्हाला कोरडा ब्रेड देताना मास्तर म्हणाले, “आज धाग्यांनी खाल्ला. त्यांचा बी कवातरी नंबर यायचाच.”

हे ऐकल्यावर माझ्यासारखी मुलगी गप्प बसेल का? मी सोळा वर्षांची होते. तोवर बाबांची पत्रकं तपासत होते, आता स्वतः लिहायचं ठरवलं. रात्रभर तापल्यासारखी जागी राहून मी एक पान लिहून काढलं. मथळा होता, ‘मस्का कुणाच्या वाट्याचा?’ पहिलं वाक्य होतं, ‘मधोमध ढीग आणि काठावर कोरड, हीच आजची व्यवस्था आहे!’ त्यात शहराची कोरडी कड होती, खाडीकाठची कशेळीची गोदामं होती, सत्तेचं पातं होतं. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते पाठ केलं.

मास्तरांनी कागद लांब धरून, ओठ हलवत, दोनदा वाचला.

“ह्यात ब्रेड कुठं हाय?”

“मास्तर, ते रूपक आहे.”

“आन मस्का?”

“तोही.”

“म्हंजे खायला काईच न्हाय.”

बारा जण हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, “मग तुम्ही काठापर्यंत मस्का कशाला नेता? तुम्हाला समता वाटते म्हणूनच ना?”

“काठ कोरडा ऱ्हायला तर टाळूला टोचतो, बाय. म्हनून. येवढंच हाय.” त्यांनी कागद परत दिला, दोन बोटांत, डाग पडू नये अशा बेतानं. “तू ग्वाड लिवतेस. पन जे हाय ते अगोदर लिवावं. बाकीचं मागनं येतं का बगावं.”

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नसावं. दुसऱ्या रविवारी माझ्या वाट्याच्या दोन्ही स्लाइस नेहमीसारख्याच आल्या, चारही कोपरे भिजलेल्या.

पुढे चार वर्षांनी मास्तरांना लकवा मारला. सायझिंगवरच, धाग्यांवरून बोटं फिरवताना. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात लुळा राहिला. कामावर परत जायचा प्रश्नच नव्हता. रविवारी आईच घाईघाईनं मस्का लावायची. कडा कोरड्या राहायच्या.

पाच महिन्यांनी एका रविवारी मास्तर दारात उभे राहिले. अंगात इस्त्रीचा सदरा, डाव्या हातात ते पातं. सगळ्यांनी गलका केला, “या मास्तर, या!” ते त्यांच्या पाटावर जाऊन बसले. आईनं मस्का आणि ब्रेड समोर ठेवला.

डाव्या हातानं मस्का लावून बघा कधी. आणि दुसऱ्या हातानं ब्रेड धरायचा नाही. पातं पुढे सरकतं आणि ब्रेडही त्याच्यासोबत सरकतो. ताटभर फिरतो. मास्तरांनी कोपऱ्यावर ठिपका ठेवला, पातं ओढलं, स्लाइस ताटाबाहेर गेली. त्यांनी ती परत आणली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा त्यांनी लुळ्या हाताचं मनगट उचलून स्लाइसवर वजनासारखं ठेवलं, तर ब्रेड दबून फाटला. खोलीत सगळ्यांच्या हातात कागद होते, पण घडी कुणीच घालत नव्हतं.

माझ्या हातात त्या दिवशीचं पत्रक होतं. सफाई कामगारांसाठी मीच लिहिलेलं. ‘आम्हाला उपकार नकोत, मान हवा.’ ते खाली ठेवून मी उठले, मास्तरांजवळ गेले, “द्या इकडे, मी करते” म्हणाले आणि त्यांच्या हातातलं पातं काढून घेतलं. भराभर चोवीस स्लाइस लावल्या. कोपऱ्यांसकट! मला वाटलं, किती छान वागले मी.

मास्तर एवढंच म्हणाले, “बरं.”

त्यांच्यासमोर मी पहिली स्लाइस ठेवली. “भूक न्हाय,” म्हणाले. थोडा वेळ बसले आणि भिंतीला धरून निघून गेले. पातं माझ्याकडेच राहिलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. भिंतीपलीकडे खोली, पण दार लोटलेलं. बाबा म्हणाले, “तब्येत असेल.” मला माहीत होतं की तब्येत नव्हे. तिसऱ्या रविवारी मी पातं घेऊन गेले. दार मावशींनी उघडलं, मास्तरांच्या बायकोनं. मावशी तशा आवाजाच्या मोठ्या, पण त्या दिवशी कुजबुजल्या, “आत ये. पन बोलू नको.”

मास्तर ओट्याकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. समोर एक फळी. फळीच्या एका कोपऱ्यात दोन पट्ट्या काटकोनात ठोकलेल्या. त्या कोनात ब्रेडची स्लाइस अडकवलेली, म्हणजे पातं कितीही रेटलं तरी ब्रेड पुढे पळणार नाही. हातात साधा चमचा, उलटा धरलेला. ते एक ओढ काढायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे, मग दुसरी.

मावशी माझ्याजवळ खाली बसल्या. बसताना त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. मी पाहत राहिले तेव्हा हळूच म्हणाल्या, “असं करावं लागतं. न्हायतर हात आपसूक पुढं जातो. येक स्लाइस लावायला पयला अर्धा तास लागायचा. दोन म्हैनं रोज सकाळी करत होते. तुमच्याकडं आले ना त्या दिवशी, ते बाराजणांचं करायचं ठरवूनच आले होते. फळी न्यायला लाजले. लोक बगतील म्हनले. आन मंग तू...” त्या थांबल्या. “तुजा हात लय चटकन चालतो, बाय.”

मास्तर वळले नाहीत. म्हणाले, “कोन हाय? घडीवाली काय?”

“मी आहे, मास्तर.”

“बस.”

मी बसले नाही. वाटेत तयार केलेलं सगळं एकदम बाहेर आलं. “मास्तर, माझं चुकलं. मी तुमच्या स्वाभिमानाचा, तुमच्या माणूसपणाचा...”

“थांब. ह्ये पत्रक झालं. काय केलंस ते सांग.”

“तुमच्या हातातलं पातं घेतलं.”

“हां. आनि?”

“विचारलं नाही.”

“हां.” त्यांनी चमचा खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “आता नीट लिवलंस.”

मी पातं पुढे केलं. त्यांनी ते डाव्या हातात घेऊन अंगठ्यानं तपासलं, जणू मी ते बोथट केलं असेल. मग म्हणाले, “फळी आनली तर हसतील का गं ते?”

“हसू दे की,” मावशी आता नेहमीच्या आवाजात ओरडल्या. “हसनाऱ्याला कोरडा द्या!”

पुढच्या रविवारी मास्तर फळी बगलेत घेऊन आले. हसायचं नाही आणि मध्ये हात घालायचा नाही, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण सांगणं वेगळं आणि बसून बघणं वेगळं. पहिल्या स्लाइसला अकरा मिनिटं लागली. घड्याळ मी बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळत नव्हतं. घड्या घालून संपल्या, गठ्ठे बांधून झाले, चहावर साय धरली. तिसऱ्या कोपऱ्याशी पातं अडलं तेव्हा बाबांचा हात उठला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी उठलेला हात तो, चुकीच्या हेतूनं उठूच शकत नाही. मी त्यांचं मनगट धरलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं, आणि मग तो राग ओसरताना मी पाहिला.

मला मनात हिशोब लागत नव्हता. चोवीस स्लाइस म्हणजे संध्याकाळ झाली असती आणि मास्तर तर आत्ताच घामाघूम झाले होते. दुसरी स्लाइस नऊ मिनिटांत झाली. तिसरी झाली तेव्हा त्यांचा हात थरथरू लागला. आता काय? त्यांना थांबवायचं कुणी आणि कसं?

कुणालाच थांबवावं लागलं नाही. मास्तरांनी तीन स्लाइस फळीवर ओळीनं मांडल्या आणि पातं कागदावर पुसलं. मग प्रत्येक स्लाइसवर एक उभी रेघ, एक आडवी रेघ. बारा तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याला एक कोपरा.

“आज येवढंच जमतंय,” ते म्हणाले. “घ्या.”

आम्ही घेतले. चार सभा गाजवणाऱ्यानंही घेतला, हे मी स्वतः पाहिलं आहे. बोटाएवढा तुकडा, एका घासाचा. गार चहाबरोबर आम्ही बारा जणांनी तो सावकाश खाल्ला. मास्तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते.

“काठ भिजलाय ना?” त्यांनी मला विचारलं.

“भिजलाय, मास्तर.”

त्यानंतर दीड वर्ष ते येत राहिले. स्लाइस सात मिनिटांवर आली, तिनाच्या पाच झाल्या, कुणाकुणाला दोन तुकडे मिळू लागले. रविवार लांबला. पत्रकं वाटायला आम्ही तासभर उशिरा निघायचो आणि कशेळीच्या गोदामांपाशी पोहोचेपर्यंत शिफ्ट सुटायला आलेली असायची. कुणाची तक्रार नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं मावशी सांगतात आणि सांगताना त्यांचे दोन्ही हात मोकळे, कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे असतात.

मी आजही पत्रकं लिहिते. मागण्या पुष्कळ आहेत आणि त्यांतली एकही मी सोडणार नाही. पण आज इथे सरकारकडे काही मागत नाही, तुमच्याकडे मागते.

तुमच्या घरी, शेजारी, कामावर कुणीतरी असेल, ज्याचा हात आता सावकाश चालतो. तो ब्रेडला काहीतरी लावत असेल आणि ब्रेड पळत असेल. तुमचा हात पुढे जाईल, चांगल्याच हेतूनं जाईल. तो आवरा. त्यानं मागितलं तर जरूर द्या, न मागता त्याच्या हातातलं काही घेऊ नका. आणि त्यानं लावलेला तुकडा तुमच्यापर्यंत यायला कितीही वेळ लागला, तरी तेवढी भूक राखून ठेवा.